कधी बोलायचं यापेक्षा कोणासमोर बोलायचं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. धाकट्या बहिणीने रडत रडत तुम्हाला सांगितलं की नवरा दारू पिऊन मारतो, आणि त्याच दमात शपथ घातली, ‘कोणाला सांगू नकोस.’ तुमच्या आई म्हणतात, गप्प राहा, परमेश्वर आपल्यासाठी लढेल असं शास्त्रातच लिहिलंय. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक भगिनी म्हणतात, सत्य उजेडात आणलंच पाहिजे. आणि शेजारच्या कोणीतरी आवाज ऐकल्यामुळे बुधवारच्या महिला प्रार्थनासभेत बहिणीचं नाव ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून फिरायलाही लागलंय. तुम्ही विचारता, ख्रिस्ती माणसाने कधी बोलावं आणि कधी गप्प राहावं?

मी 31 वर्षं पाळक म्हणून काम केलं. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, नंतर पुण्यात. या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त रात्री जागवलंय, म्हणून जरा लांबून सांगतो.

पवित्र शास्त्रातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मौन धरण्याचा एक समय आहे आणि बोलण्याचा एक समय आहे. पण आत्ता त्यातला कोणता समय आहे, हे ते वचन सांगत नाही. ते आपल्यालाच ओळखावं लागतं. आणि माझा अनुभव असा की खरी अडचण ‘बोलू की नको’ ही नसतेच. आपण बोलतोही आणि गप्पही राहतो, फक्त जागा चुकतात. तुमच्या बहिणीचंच बघा. प्रार्थनासभेत तिच्याबद्दल बोलणं झालं, परतताना रिक्षात झालं, दुसऱ्या दिवशी फोनवर झालं. आणि जिथे बोलल्याने काही थांबू शकतं तिथे, म्हणजे खुद्द बहिणीजवळ बसून, तिच्या सासरच्या एखाद्या समंजस माणसापाशी किंवा पोलिसांपाशी, कोणीच तोंड उघडलेलं नाही. म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेतो. कोणासमोर बोलायचं, आणि कोणासमोर ओठ शिवून घ्यायचे?

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर बरंच काही अवलंबून आहे. मार कसा आहे? कधी गळा दाबलाय का, हत्यार उगारलंय का, जिवे मारायची धमकी दिलीय का? यातलं एक जरी असेल तर पुढचं सगळं वाचत बसू नका. बहिणीला आज रात्री सुरक्षित जागी कसं नेता येईल ते बघा. 112 ला फोन करा. मुलं आहेत का, त्यांनाही मार बसतो का? तिच्या हातात स्वतःचे पैसे आहेत का? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिला स्वतःला काय हवंय? ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्ही तिला अजून विचारलेलंही नसेल. मार खाणाऱ्या बाईला ‘तुला काय हवंय’ हे आपल्याकडे सगळ्यात शेवटी विचारतात.

आधी प्रार्थनासभेचं घेतो, कारण ते लगेच थांबवायला हवं. ‘ताई, कोणाला सांगू नका, फक्त प्रार्थनेसाठी सांगते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर आलं की मी समोरच्याला तिथेच थांबवतो. प्रार्थनेसाठी नावाची गरज नसते. देवाला नाव माहीत आहे. लेवीय 19 मध्ये दोन वचनं एकाला एक लागून आहेत, 16 आणि 17. पहिल्यात चुगल्या करत हिंडू नको असं सांगितलंय, आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतत असताना नुसता उभा राहू नको असंही. दुसऱ्यात, भावाबद्दल मनात द्वेष धरू नको, त्याची चूक त्याला दाखवून दे. म्हणजे चुगलीही नको आणि बघ्याची भूमिकाही नको. आपण नेमकं उलटं करतो. चुगली करतो आणि बघत उभे राहतो.

त्या सभेच्या प्रमुख भगिनींना एकटं गाठा आणि साध्या शब्दांत सांगा, ‘माझ्या बहिणीचं नाव सभेत घेऊ नका. तिला त्रास होईल.’ कारणं देत बसू नका. घरातल्या मारझोडीची चर्चा नवऱ्याच्या कानावर गेली, तर त्याची किंमत चर्चा करणारे मोजत नाहीत, ती बाई मोजते. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

माझ्या सेवेचं तिसरं की चौथं वर्ष असेल. रविवारची उपासना संपली होती, लोक गेले होते. एक बाई मागे राहून गायनाची पुस्तकं गोळा करत होती. पाठमोरीच होती. पुस्तकांच्या कडा एकसारख्या करत करत, माझ्याकडे न बघता ती बोलली. नवरा मारतो, पगाराच्या दिवशी जास्त मारतो, मोठी मुलगी मध्ये पडली तर तिलाही ढकलतो. तेवढं बोलून तिने गठ्ठा कपाटात ठेवला, पदर नीट केला आणि निघून गेली. मला वाटलं, मेंढपाळाने आता गप्प कसं बसायचं? यशया 56 मधले न भुंकणारे मुके कुत्रे मला आठवले. सहाव्या शतकात रोमचे पोप ग्रेगरी यांनी भिऊन गप्प राहणाऱ्या पाळकांना हेच वचन लावलं होतं, ते मी शिकलेलो होतो. त्याच संध्याकाळी पवित्र शास्त्र काखेत मारून मी तिच्या घरी गेलो. नवऱ्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी बोललो ते त्याने मान खाली घालून ऐकलं. आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली, तो रडलासुद्धा. देवाने मोठं काम केलं असं मानून मी सायकलवरून घरी आलो.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी आली ती शेवटच्या ओळीत बसली आणि आशीर्वादाआधीच उठून गेली. माझी पत्नी तिच्या घरी गेली तेव्हा कळलं. मी दाराबाहेर पडलो आणि त्याने कडी लावली. ‘पाळकसाहेबांना सांगितलं ते माझंच चुकलं,’ एवढंच ती म्हणाली.

चूक माझी होती. मी खरं तेच बोललो, चांगल्या हेतूने बोललो, पण ते शब्द माझे नव्हतेच. ते तिचे होते, आणि तिला न विचारता मी ते खर्च केले. नीतिसूत्रे 18:13 मध्ये म्हटलंय की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि लाजिरवाणंही. मी पाच मिनिटं ऐकलं होतं आणि तासभर उत्तर दिलं होतं.

त्यानंतर मी आणि माझ्या पत्नीने एक रीत ठेवली. कोणी असं काही सांगितलं की पहिले दोन प्रश्न हेच: ‘आज घरी जाणं तुला सुरक्षित वाटतं का?’ आणि ‘हे मी कोणाला सांगितलेलं तुला चालेल?’ दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक बायका दचकतात. आपल्या बोलण्यावर आपला हक्क आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि असल्या नवऱ्याकडे मी परत कधीही बाईच्या परवानगीशिवाय गेलो नाही.

आता शास्त्राकडे वळू. अशा वेळी सगळे मत्तय 18 काढतात. भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव. माझं स्पष्ट मत आहे की मार खाणाऱ्या बाईला ‘आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल’ असं या वचनावरून सांगणं हा वचनाचा गैरवापर आहे. ती रोजच त्याच्यासोबत एकटी असते, अडचण तीच तर आहे. ती पायरी भावाभावांमध्ये, समोर बसून बोलणं शक्य असतं तेव्हाची आहे.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवलं ते अबीगईलने. 1 शमुवेल 25 एकदा सावकाश वाचा. तिचा नवरा नाबाल श्रीमंत आहे, तीन हजार मेंढरांचा धनी, आणि शास्त्र त्याला कठोर आणि वाईट चालीचा म्हणतं. त्याने दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद चारशे माणसं घेऊन घर बुडवायला निघाला. आता बघा, पहिलं कोण बोलतं? घरातला एक चाकर. तो मालकाकडे जात नाही. मालक असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलता येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. तो अबीगईलकडे जातो, कारण काही करू शकेल अशी तीच आहे. मग अबीगईल दोनशे भाकरी, पाच मेंढरांचं मांस, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादते आणि दावीदाकडे निघते. आणि 19 व्या वचनात एक बारीक वाक्य आहे: तिने आपल्या नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. शास्त्र तिला यासाठी दोष देत नाही. उलट दावीद तिच्या शहाणपणाबद्दल देवाचे आभार मानतो.

ती परत येते तेव्हा घरात राजेशाही जेवणावळ चाललेली आणि नाबाल दारूने झिंगलेला. 36 वं वचन म्हणतं की उजाडेपर्यंत तिने त्याला लहानमोठी कुठलीच गोष्ट सांगितली नाही. सकाळी दारू उतरल्यावर सांगितली. त्या एका दिवसात तीच बाई एका माणसासमोर घडाघडा बोलली, दुसऱ्यासमोर रात्रभर गप्प राहिली, आणि सकाळी त्याच दुसऱ्याला सगळं सांगितलं. कुठे भीती म्हणून नाही, कुठे राग म्हणून नाही. कोणत्या घडीला कोणासमोर शब्द कामी येईल, हे तिने ओळखलं. झिंगलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे आपल्या आज्याही सांगायच्या. पण त्याच शहाण्या बाईने बाहेर जाऊन मदत आणली, हा अर्धा भाग आपण मुलींना सांगत नाही.

याच्या उलट गोष्ट 2 शमुवेल 13 मध्ये आहे. तामारेवर तिच्याच सावत्र भावाने, अम्नोनाने, बळजबरी केली. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. बाप दावीद फार संतापला, पण त्याने केलं काहीच नाही. अबशालोम अम्नोनाशी बरं-वाईट काहीच बोलला नाही. घर शांत झालं. दोन वर्षांनी अबशालोमाने मेंढरांच्या कातरणीच्या जेवणात अम्नोनाला मारवलं, आणि त्यातून पुढे बापाविरुद्धचं बंड उभं राहिलं. तामार मात्र भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढं सांगून शास्त्र तिच्याबद्दल थांबतं. ‘घरचं घरात राहू दे’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा अध्याय एकत्र बसून वाचावा असं मला कळकळीने वाटतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग ख्रिस्ती माणसाचं मौन म्हणजे काय? ते आहे, आणि ते थोर आहे. हेरोदासमोर येशू एक शब्द बोलला नाही. पण त्याला धरायला आले त्या रात्री त्याने काय म्हटलं ते योहान 18 मध्ये बघा: मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या. शिष्यांसाठी तो लगेच बोलला. आणि शिपायाने चपराक मारली तेव्हाही त्याने विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? तेव्हा ‘येशूसुद्धा गप्प राहिला, तूही सोस’ हे वाक्य अर्धं खोटं आहे. माझ्या स्वतःच्या अपमानावर मी गप्प राहू शकतो, तो माझा त्याग आहे. बहिणीच्या पाठीवरच्या वळांवर मी गप्प राहिलो तर त्यात माझा काही त्याग नाही. किंमत ती देते.

मौनाची दुसरी जागा दुःखाजवळची. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी बोललं नाही. त्यांचं चांगलं काम तेवढंच झालं, बोलायला लागले आणि बिघडलं. एकदा एका घरी तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. मी बापाशेजारी सतरंजीवर बसलो होतो. नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘देवाची इच्छा.’ बापाने हातातला कप खाली ठेवला आणि तो उठून मागच्या दारी गेला. मी मागोमाग गेलो आणि नुसता शेजारी उभा राहिलो. अर्ध्या तासाने तो म्हणाला, ‘पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय.’ आम्ही दोघांनी जाऊन ती बंद केली. त्या दिवशी मी त्या घरात त्याहून जास्त काही केलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो माणूस मला ते बोलून दाखवायचा.

तुमच्या बहिणीजवळही आधी हेच मौन लागेल. ती सांगत असताना ‘मी सांगितलंच होतं’ नको, ‘त्याला सोड’ नको, ‘मुलांसाठी सहन कर’ तर नकोच. याकोब 1:19 मध्ये ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे राहा म्हटलंय. ते अशा वेळी अक्षरशः पाळायचं.

आता शपथेचं. तुम्ही शब्द दिलाय आणि तो मोडवत नाही, हे मला समजतं. पण कोणाच्या तरी जिवावर बेतणारी गुप्तता पाळायला देव आपल्याला बांधत नाही. शब्द पाळता येत नसेल तर तिच्या पाठीमागे मोडू नका. तिच्याकडेच परत जा. ‘तू मला सांगितलंस ते मी एकटीने पोटात ठेवू शकत नाही, मला तुझी काळजी वाटते. आपण दोघी मिळून कोणाला सांगायचं ते ठरवू.’ माझ्या पत्नीने हे वाक्य अनेकींना म्हटलंय. बहुतेक जणी रागावल्या नाहीत, सुटल्यासारख्या झाल्या. जीव धोक्यात असेल तर मात्र तिच्या होकाराची वाट बघत बसू नका. आणि मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे शपथ, नातं, मंडळीची अब्रू काहीही आड येऊ शकत नाही. मुलांना मारहाण होत असेल तर 1098 वर फोन करा.

कोणाला सांगायचं, तर माझा क्रम असा. महिलांसाठी 181 क्रमांक आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. हिंसा होतेय असं वाटण्यासारखं कारण असलेली कोणतीही व्यक्ती त्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी दावा किंवा खटला होऊ शकत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. टाटा समाज विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात चालतात. तिथे समुपदेशक भेटतात. तक्रार करायचीच असं नाही, आधी नुसतं बोलताही येतं.

पाळकांकडे आणि पंचांकडे जायला हरकत नाही, पण आधी पारखून घ्या. ‘आम्ही दोघांना बोलावून समेट घडवतो’ हे त्यांचं पहिलं वाक्य असेल तर तिथे थांबा. 1 पेत्र 3 मधलं पहिलं वचन, स्त्रियांनी न बोलता नवऱ्याला जिंकावं हे, तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. त्यांना त्याच अध्यायाचं सातवं वचन वाचायला सांगा. नवऱ्याने बायकोला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांना अडथळा येतो, असं तिथे लिहिलंय. मंडळीने त्या नवऱ्याशी बोलायलाच हवं, पण बहीण आणि मुलं सुरक्षित झाल्यावर.

बोलण्याची जागा निवडणं म्हणजे काय, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, साक्ष दिली, बाप्तिस्मा घेण्याच्या एक वर्ष आधी. बायकांना बायकाच शिक्षिका हव्यात, बायकांना डॉक्टरकी शिकवायला हवी, हे त्या म्हणाल्या. ज्यांच्या हातात काही बदलणं होतं त्यांच्याच समोर त्या बोलल्या.

या आठवड्यात एवढं करा. बहिणीला तुमच्याकडे बोलवा, नवरा कामावर असेल अशा वेळी. तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती तुमच्याकडे ठेवून घ्या. तिच्या फोनमध्ये मदतीचे क्रमांक दुसऱ्या नावाने साठवा. वळ असतील तर डॉक्टरांना दाखवा आणि कागद जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर यातलं काहीही लिहू नका, तिचा फोन नवराही बघत असेल. आणि तिने घर सोडायचं ठरवलं तर ते आधी कोणालाही कळू देऊ नका. त्या दिवसांत धोका वाढतो, हे मी पाहिलंय.

राहिल्या तुमच्या आई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्या घाबरल्या आहेत. त्यांना जे वचन आधार देतंय ते निर्गम 14:14 आहे, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. मागे सैन्य, पुढे समुद्र, आणि मोशे लोकांना धीर देतोय. संध्याकाळी आईंजवळ बसा, तो अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि चौदाव्या वचनावर त्या थांबल्या तर म्हणा, ‘आई, अजून एक वाच.’ पंधराव्या वचनात परमेश्वर मोशेला विचारतो, तू माझा धावा का करतोस? इस्राएल लोकांना सांग, पुढे चला.